दवाखान्यातले बिननावाचे हात

आपल्या रेडिओवर दर महिन्याला आपण इतिहासातली एखादी गोष्ट ऐकतो. कधी राणीची, कधी संतांची, कधी आंदोलनाची. आज दवाखान्याची गोष्ट सांगणार आहोत, पण डॉक्टरांची नाही आणि नर्सबाईंचीही नाही. त्यांच्या शेजारी उभं राहून काम करणाऱ्या, आणि आपल्याला नावानं कधीच न कळणाऱ्या माणसांची.

ही गोष्ट आम्ही का शोधली, ते आधी सांगतो. त्यात आमची चूकही आहे, म्हणून जरा जड जातं.

आमच्या एका बचत गटाच्या अध्यक्ष काकू. वय साठीच्या आतलं. पन्नाशीत गटात आल्या तेव्हा अंगठा लावायच्या. गटातल्याच एका सुनेनं त्यांना पाटीवर नाव गिरवायला शिकवलं. पहिल्यांदा बँकेच्या कागदावर सही केली, त्या दिवशी काकूंनी सगळ्या गटाला पेढे वाटले होते. पुढे अध्यक्ष झाल्या. पैसे काढायचे तर सचिवाबरोबर त्यांची सही लागायची.

एका पहाटे काकूंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. घरच्यांनी जीप करून शहरातल्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. आठ दिवसांनी घरी सोडलं तेव्हा हातात गोळ्यांची पिशवी आणि इंग्रजीत लिहिलेला एक कागद. त्या कागदावर खाली एक ओळ होती, फिजिओथेरपी घ्यावी अशी. पण ती कुणी वाचून दाखवली नाही, आणि आमच्यापैकीही कुणी विचारलं नाही.

मग अडीच महिने काकू खाटेवर. कुणी सांगितलं म्हणून तेल चोळलं, कुणी सांगितलं म्हणून कबुतराचं रक्तही लावलं. हात छातीशी आखडत गेला, बोटं मिटत गेली. इकडे गटाचं काम अडलं. मासिक बैठकीत विषय निघाला, की काकूंची सही होत नाही, अध्यक्ष बदलायचा. ठराव लिहायला घेतला तेव्हा आम्ही तिथेच बसलो होतो. आम्ही काही बोललो नाही. काकूही त्या दिवशी खुर्चीवर बसवून आणलेल्या होत्या. त्यांना बोलता नीट येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. डोळ्यातून पाणी आलं. ते पाहून एका बाईनं वही मिटली. म्हणाली, "पुढच्या बैठकीत बघू."

त्या एका महिन्यात आशाताईंनी तो कागद वाचला आणि उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट बसतात हे सांगितलं. गटातून काकूंना प्रवासापुरतं अंतर्गत कर्ज दिलं आणि आळीपाळीनं एकेक जण सोबत गेली. तिथे एक तरुण मुलगी होती, आमच्या लेकीच्या वयाची. तिनं आधी काकूंना खाटेवर कूस बदलायला शिकवलं, मग बसायला, मग उभं राहायला. एक दिवस आम्ही विचारलं, "सही होईल का हो?" ती म्हणाली, "हाताला ताकद आणायचं काम मी करते. पण लिहिणं, वेणी घालणं, भाकरी थापणं, ही रोजची कामं परत शिकवणारे वेगळे असतात. त्यांना ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणतात."

हा शब्द आम्ही जन्मात पहिल्यांदा ऐकला. मग वाटलं, ही माणसं कोण? कुठून आली? आपल्याला आजवर कशी दिसली नाहीत? तिथून हा शोध सुरू झाला.

चार बायकांचा गट

मैत्रिणींनो, फिजिओथेरपीच्या इतिहासातही असा एक गट आहे हे ऐकून आम्हाला फार आनंद झाला. साल १८९४, देश इंग्लंड. त्या काळी तिकडे आजारी माणसाचं अंग चोळून, सांधे हलवून बरं करण्याचं काम करणाऱ्या बायका होत्या. पण त्यांच्या नावावर काही लोकांनी भलतेच धंदे सुरू केले. वर्तमानपत्रांत चर्चा झाली, आणि प्रामाणिक काम करणाऱ्या बायांकडेही लोक संशयानं बघायला लागले.

तेव्हा चार नर्स एकत्र आल्या. त्यांनी संघटना काढली आणि आपल्याच कामाला नियम घातले. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उपचार करायचा नाही. साध्या वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची नाही. औषधं विकायची नाहीत. शिक्षण घेऊन परीक्षा दिल्याशिवाय कुणाला सभासद करायचं नाही. आपल्या गटात नाही का, बैठक चुकवायची नाही, बचत वेळेवर, वही चोख? तसंच. नियम आले तसा मान आला. १९२० साली त्या संघटनेला राजाची सनद मिळाली.

मधल्या काळात पहिलं महायुद्ध झालं. १९१४ ते १९१८. लाखो जवान हात-पाय गमावून, लुळे होऊन परतले. जखम शिवून डॉक्टरांचं काम संपायचं, पण त्या जवानाला पुन्हा चालायला, घास तोंडात घालायला, काम करायला कोण शिकवणार? ते काम मोठ्या प्रमाणात बायकांनी केलं. अमेरिकेत १९१७ साली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली संघटना निघाली. विणकाम, सुतारकाम, टोपल्या करणं अशा कामांतून आजारी हाताला आणि खचलेल्या मनाला पुन्हा उभं करायचं, ही त्यामागची समज. औषधानं रोग जातो, पण कामानं माणूस परत येतो, असं आपण आपल्या भाषेत म्हणू.

एक आई

आता आपल्या मुंबईत येऊ. साल १९४७. तेव्हा पोलिओची लस नव्हती. ती १९५५ साली आली. एका रात्री तापानं फणफणलेलं पोर सकाळी उठून बघावं तर पाय हलत नाही, असं घरोघरी व्हायचं. औषध नव्हतं. जे काही करायचं ते हातांनीच. व्यायाम, शेक, पट्ट्या, कुबड्या.

मुंबईत फातिमा इस्माईल नावाच्या बाई होत्या. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. त्या तिला घेऊन मद्रासला गेल्या, तिच्या उपचारासाठी झटल्या. मुलीत सुधारणा झाली. दुसरी एखादी आई देवाचे आभार मानून घरी बसली असती, आणि त्यात वावगंही काही नव्हतं. पण फातिमाबाईंच्या मनात आलं, की माझ्याकडे साधन होतं म्हणून मी मद्रासला गेले. जिच्याकडे नाही तिनं काय करायचं? त्यांनी १९४७ सालीच मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली आणि दवाखाना सुरू केला. पुढे हाजी अलीला मुलांचं अस्थिरोग रुग्णालय उभं राहिलं. त्या बाईंना पद्मश्री मिळाली, त्या राज्यसभेतही गेल्या.

अशा दवाखान्यांना शिकलेले हात हवे होते. म्हणून १९५२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा निघाली. भारत सरकार, मुंबई महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ती काढली. आपल्या देशातली ती पहिली शाळा. आज तालुक्याच्या गावात जी मुलगी काकूंचा पाय धरून "ताई, अजून थोडा उचला" म्हणते, तिच्या विद्येची मुळं तिथे आहेत.

भारत पोलिओमुक्त झाल्याचं २०१४ साली जाहीर झालं. आपण डोस पाजणाऱ्या ताईंचे आभार मानतो, मानायलाच हवेत. पण लस यायच्या आधी आणि आल्यानंतरही, ज्या पोरांचे पाय गेले होते त्यांना शाळेपर्यंत चालवत नेणारे हात कुणाचे होते, हे आपण कधी मनात आणलं नाही.

फलटणच्या सूनबाई

आता जी गोष्ट सांगतो ती आमच्या शेजारची. आमच्या भागातल्या कितीतरी बायका फलटणच्या बाजाराला जातात. फलटणमध्ये कमला निंबकर बालभवन नावाची शाळा आहे. नाव सगळ्यांना माहीत. पण कमला निंबकर कोण, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं.

त्या जन्मानं अमेरिकन. १९०० सालचा जन्म, मूळ नाव एलिझाबेथ लुंडी. विष्णुपंत निंबकरांशी लग्न ठरलं आणि १९३० साली त्या भारतात आल्या. कमला झाल्या. साडी नेसल्या, इथली माणसं आपली मानली. इरावती कर्वे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, त्यांची लेक जाई ही कमलाबाईंची सून. म्हणजे घर लिहिण्या-वाचण्याचं.

कमलाबाई लेकरं झाल्यावर पुन्हा शिकायला अमेरिकेत गेल्या. फिलाडेल्फियाला ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण घेतलं. आणि परत येऊन १९५० साली केईएम रुग्णालयात त्याची शाळा काढली. ही आशियातली पहिली शाळा मानली जाते. १९५२ साली देशभरातल्या थेरपिस्टांची संघटना त्यांनी उभी केली. त्याच वर्षी जागतिक संघटना स्थापन झाली, तिच्या दहा संस्थापक देशांत भारताचं नाव आहे. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झालेला देश, रेशनवर धान्य घेणारा, आणि या कामात तो जगाबरोबर पहिल्या रांगेत बसला. त्यामागे या सूनबाईंचे कष्ट होते.

आता ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे नेमकं काय, ते चुलीजवळ बसून समजून घेऊ. भाकरी थापताना आपण काय काय करतो? पीठ मळायला खांद्यापासून जोर लावतो. गोळा फिरवायला मनगट वळवतो. कडेला बोटांनी दाब देतो. डोळा भाकरीवर, कान तव्याकडे. एवढ्या सगळ्याचा मेळ बसतो तेव्हा भाकरी गोल होते. वारं गेलेल्या बाईचा हा मेळ तुटतो. थेरपिस्ट तो मेळ पुन्हा एकेक करून जुळवते. आधी मऊ गोळा दाबायला देते, मग मोठे मणी उचलायला, मग धान्य वेचायला, मग बटण लावायला. आणि जे जुळतच नाही त्याला वाट काढते. परात घसरू नये म्हणून खाली ओलं फडकं, चमच्याचा दांडा जाड करायला त्यावर कापड गुंडाळायचं, एका हातानं लुगडं कसं नेसायचं. मेंदूचा एक भाग निकामी झाला तरी बाकीचा मेंदू सरावानं काही कामं नव्यानं शिकतो. पण हे शिकणं पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त होतं. म्हणून आमचे ते अडीच महिने गेले, त्याची चुटपुट आजही जात नाही.

चौथी शिकलेला कारागीर

आणखी एक गोष्ट जयपूरची. सवाई मानसिंह रुग्णालयात डॉक्टर प्रमोद करण सेठी हाडांचे सर्जन होते. अपघातात पाय गेलेल्या गरीब माणसांना तेव्हा परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय मिळायचा. तो महाग, जड, आणि बुटात घालायचा. आता सांगा, आपला माणूस बूट घालून चिखलात भात लावणार का? देवळात जाणार का? त्या पायानं मांडी घालता येत नसे, उकिडवं बसता येत नसे. मग लोक तो पाय कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या घ्यायचे.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. शाळा चौथीपर्यंतच. रुग्णांना हस्तकला शिकवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांच्या हातात कला होती आणि नजर आपल्या माणसांच्या जगण्यावर होती. सायकलचं चाक पंक्चर झालं म्हणून ते दुकानात थांबले आणि तिथे टायरवर रबर चढवताना पाहून त्यांना पायाची कल्पना सुचली, अशी हकीकत सांगितली जाते. रबर, लाकूड असं साधं सामान घेऊन, डॉक्टरांबरोबर पुन्हा पुन्हा करून बघत १९६८च्या सुमाराला तो पाय तयार झाला. खऱ्या पायासारखा दिसणारा, बुटाशिवाय चालणारा, पाण्यात भिजला तरी चालणारा, आणि वाकणारा. त्यालाच आपण जयपूर फूट म्हणतो. १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती निघाली आणि हा पाय लाखो लोकांपर्यंत मोफत पोचला. आपल्याकडेही तालुक्याच्या गावात जयपूर फूटची शिबिरं भरतात, तुमच्यापैकी कुणी पाहिली असतील.

टीव्हीवर दिसणाऱ्या सुधा चंद्रन तुम्हाला ठाऊक आहेत. मुंबईत वाढलेली नाचणारी मुलगी, १९८१ साली अपघातात पाय गेला. जयपूर फूट लावून ती पुन्हा रंगमंचावर नाचली. तिच्या आयुष्यावर निघालेल्या सिनेमात तिनं स्वतःच काम केलं.

डॉक्टर सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता, त्यांनी एका कारागिराला आपल्या बरोबरीनं काम करू दिलं हे काही थोडं नाही. पण सेठींचं नाव जगाला कळलं, आणि रामचंद्रजींचं नाव त्या मानानं फार थोड्यांना. मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन आहे का? शेत नावावर कुणाचं आणि खुरपणी कुणाची, हे आपण रोजच बघतो.

नाव मिळायला किती वर्षं लागली

या लोकांना सरकारी भाषेत आता सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणतात. यात कोण कोण येतं? आपलं रक्त, थुंकी तपासणारे लॅब टेक्निशियन. एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या खोलीत काम करणारे. डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारे. ऑपरेशनच्या वेळी यंत्रं सांभाळणारे. डायलिसिसच्या यंत्राशेजारी चार-चार तास बसणारे. आहार सांगणारे. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट.

नर्सिंगसाठी देशाचा कायदा १९४७ साली झाला. औषध देणाऱ्या फार्मासिस्टांसाठी १९४८ साली. महाराष्ट्रानं फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी आपला कायदा २००२ साली केला. पण या सगळ्या मंडळींना धरून देशपातळीवर कायदा यायला २०२१ साल उजाडलं. त्यात पन्नासहून जास्त व्यवसाय दहा गटांत मांडले आहेत. कुणी किती तास शिक्षण घेतलं पाहिजे हे ठरवलं आहे, आणि नोंदणीची तरतूद आहे.

याचा आपल्याला काय उपयोग? साधा आहे. रक्ताचा रिपोर्ट चुकला तर डॉक्टर कितीही हुशार असला तरी औषध चुकतं. एक्स-रे वाकडा निघाला तर मोडलेलं हाड दिसत नाही. न शिकलेल्या माणसानं जबरदस्तीनं हात ओढला तर खांदा निखळतो. म्हणून यंत्रामागचा माणूस शिकलेला आहे का, नोंदणी केलेला आहे का, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. १८९४ साली त्या चार नर्सनी जे मागितलं तेच हे. कामाला शिक्षण, शिक्षणाला नियम, नियमाला मान.

काकूंची सही

आता काकूंकडे परत येतो. उपजिल्हा रुग्णालयातल्या मुलीनं त्यांना काठी घेऊन चालतं केलं. जिल्ह्याच्या ठिकाणी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे आम्ही चार वेळा गेलो. तिनं काकूंचा उजवा हात उलगडून बघितला आणि खरं ते सांगितलं. उशीर झाला आहे, बोटं पूर्वीसारखी होतील असं वाटत नाही. पण मग तिनं काकूंच्या डाव्या हातात जाड पेन्सिल दिली. उजवा हात कागदावर वजनासारखा ठेवायला लावला, म्हणजे कागद सरकत नाही. आणि पाटीवर पुन्हा पहिल्यापासून नाव गिरवायला सांगितलं.

ज्या सुनेनं काकूंना पहिल्यांदा सही शिकवली होती, तीच रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसायची. पाच महिने लागले. बँकेत जाऊन नवीन नमुना सही दिली. साहेबांनी दोनदा करून घेतली, दोन्ही वेळा सारखी आली. पुढच्या बैठकीत तो अर्धवट लिहिलेला ठराव आम्ही सगळ्यांसमोर खोडला, आणि खाली काकूंनी डाव्या हातानं सही केली. त्या दिवशी पेढे आम्ही वाटले.

आमची चूक आम्ही कबूल करतो, म्हणजे तुमची होणार नाही. घरातलं कुणी दवाखान्यातून सुटलं, की तो कागद आशाताईंकडून किंवा शिकलेल्या पोरीकडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्या. "आता पुढे कुणाला दाखवायचं, व्यायाम कोण शिकवणार?" हे डॉक्टरांना तिथेच विचारा. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर एक मिनिट न थांबता मोठ्या दवाखान्यात न्या, आणि तेल-रक्ताच्या नादात दिवस घालवू नका. गटात असं घडलं, तर प्रवासाला कर्ज आणि सोबतीला बाई, या दोन्ही गोष्टी गटच देऊ शकतो.

आणि एक छोटीशी गोष्ट. पुढच्या वेळी रक्त काढणाऱ्या दादांना, एक्स-रे काढणाऱ्या ताईंना त्यांचं नाव विचारा. आम्ही त्या फिजिओथेरपिस्ट मुलीला विचारलं, तेव्हा ती थांबली आणि हसली. म्हणाली, "पेशंट मला नेहमी व्यायामवाली बाई म्हणतात. नाव तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत."

८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन असतो. यंदा आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीला आम्ही तिला बोलावलं आहे. हार-तुरे ती नको म्हणाली. त्याऐवजी वाकून काम करणाऱ्या सगळ्या बायकांना पाठीचे व्यायाम शिकवते म्हणाली. काकू त्या दिवशी तिचं स्वागत करणार आहेत. हजेरीच्या वहीत तिचं नाव त्यांनी डाव्या हातानं आधीच लिहून ठेवलं आहे.

तुम्हीही आपल्या भागातल्या अशा माणसांची नावं आम्हाला कळवा. पुढच्या महिन्यात भेटू. नमस्कार.